झोळीतली पोरं आपोआप झोपत नव्हती

बाई, बारामतीला तुमच्या मातीच्या वेळी पाळकसाहेब काय बोलले ते तुम्हाला कळलं नसेल, म्हणून सांगते. ते म्हणाले, इंदापूरच्या आपल्या शाळेत मार्थाबाईंनी आयांना अशी शिकवण दिली की तिथल्या तान्ह्या पोरांची अफूची गोळी कायमची सुटली. लोक आमेन म्हणाले. मी मागच्या रांगेत होते. शेजारणीनं मान हलवली, म्हणून मीही हलवली.

ते खरं नाही. तुम्ही असताना गोळी सुटली नव्हती. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यातच ती दिली जात होती, आणि देणारी मी होते.

हे मी तुम्हाला तुम्ही जिवंत असताना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आता सांगते.

मला अजून रडू आलेलं नाही. पेटीवर माती पडली तेव्हा वाटलं, आता येईल. आलं नाही. एस.टी.त बसल्यावर वाटलं, आता येईल. खिडकीतून ऊस दिसत होता तो बघत बसले. घरी आले, भात केला, दोनदा वाढून घेतला आणि झोपले. दुसऱ्या दिवशी पाणी भरलं. लोक म्हणतात, सगुणाबाईंचं काळीज दगडाचं आहे. असेल. मी काही हात घालून बघितलेलं नाही.

तुमच्या जागी आलेल्या शालिनीबाईंनी एक वही ठेवली आहे. ज्यांनी तुमच्याबरोबर दिवस काढले त्या प्रत्येकानं तुमची एक चांगली आठवण तीत लिहायची. मी आधीची पानं वाचली. कोणी तुमच्या गायनाबद्दल लिहिलंय, कोणी नाताळच्या कार्यक्रमात तुम्ही मेंढपाळांना घोंगड्या कुठून आणल्यात ते लिहिलंय. सगळं चांगलं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आणि नंतर तीस वर्षं मी हातात लेखणी धरली नव्हती. नवरा गेल्यावर तुम्ही मला शाळेत कामाला घेतलंत आणि झोळ्यांना लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या माझ्याकडूनच लिहून घेतल्यात. चुकलं की कागद परत द्यायचात, काही न बोलता. त्यामुळे माझं अक्षर परत आलं. त्या अक्षरात मी हे लिहिते आहे, तेव्हा हे तुम्ही शिकवल्यातच जमा धरा.

झोळ्या कशा सुरू झाल्या ते इथं पुष्कळांना माहीत नाही, म्हणून तेही लिहिते. मळ्यांमध्ये खुरपणी निघाली की तुमच्या वर्गातल्या मुली निम्म्या व्हायच्या. आया कामावर जायच्या आणि थोरल्या मुलींच्या कडेवर तान्हं पोर यायचं. तुम्ही छत्री घेऊन मळ्यामळ्यातून हिंडायचात. मी बरोबर असायचे. बांधावर बाभळीच्या सावलीला हौसाची कमळ बसलेली असायची, कडेवर धाकटी छबी. तुम्ही हौसाला म्हणालात, "कमळला छबीसकट शाळेत पाठवा."

हौसा वाफ्यातून वर न बघताच म्हणाली, "शाळंत? आन् छबीला काय पाटीवर लिवायला बसवता का काय?"

"झोपायला बसवते," तुम्ही म्हणालात.

आणि तसं केलंत. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या व्हरांड्याच्या वाशाला टांगल्यात. प्रत्येक झोळीची दोरी खिडकीच्या गजातून वर्गात घेतलीत आणि जिची बहीण किंवा भाऊ झोळीत, तिच्या पायाच्या अंगठ्याला ती दोरी बांधलीत. मुली पाटीवर लिहायच्या आणि पाय हलवायच्या. नऊ दोऱ्या, नऊ मुली. बाहेर लक्ष ठेवायला मी.

पहिला महिना वाईट गेला. एक रडलं की सगळी रडायची. वर्गात तुमचा आवाज ऐकू जायचा नाही. मुली दोरी सोडून बाहेर पळायच्या. शेजारचे लोक म्हणायचे, ही शाळा आहे का बाजार. तुम्ही म्हणायचात, होईल सवय.

मग डिप्टी तपासणीला येणार असं कळलं. आदल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "सगुणाबाई, उद्या रडारड झाली तर ते झोळ्या काढायला लावतील. मग या नऊ मुली घरी बसतील." एवढंच बोललात. गोळी द्या, असं तुम्ही म्हणाला नाहीत. तुमच्या मनातही आलं नसेल.

माझ्या मनात आलं. माझी चारही पोरं गोळीवर वाढली होती. मळ्यात जाणाऱ्या बाईला दुसरं काय असतं? दाण्याहून लहान गोळी, दुधात उगाळायची, बोटानं चाटवायची, पोर गप. माझी दोन गेली, पण ती देवीच्या साथीत गेली. असं मी मानत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊच्या नऊ पोरांना चाटवली. डिप्टी आले, व्हरांड्यात उभे राहिले, झोळ्यांकडे बघितलं, वर्गात पाढे ऐकले. तपासणीच्या पुस्तकात चांगला शेरा लिहून गेले. तुम्ही माझा हात तुमच्या दोन्ही हातांत धरलात. म्हणालात, "तुमच्या हाताला गुण आहे."

तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या खुशीत होतात.

नंतर रोज नाही दिली. एखादं पोर फारच त्रास द्यायला लागलं तर द्यायची. बाकी हलवून, थोपटून भागायचं. पण त्रास देणारं पोर रोज एखादं असतंच.

शुक्रवारी दुपारी तुम्ही आयांची बैठक घ्यायचात. ख्रिस्ती बाया यायच्या, मळ्यातल्या हिंदू बायाही यायच्या. आधी एक गायन, मग तुमचं सांगणं. पोरांना पोलिसाचं भय घालू नका. पाहुणे आले म्हणून मुलीला शाळेतून उठवू नका. एकाला दुसऱ्यासमोर नावं ठेवू नका. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी हे यायचंच: "मारलं की मूल चूक सोडत नाही, चूक लपवायला शिकतं. आधी विचारा, नीट ऐकून घ्या, मग काय ते करा."

तुमचं लग्न झालेलं नव्हतं. बाया आपसात हसायच्या. हौसानं एकदा तोंडावरच म्हटलं, "बाई, तुमी आदी एक पोर काढा, मंग आमाला सांगा."

तुम्ही म्हणालात, "हौसाबाई, तुमची पाच. त्यातलं थोरलं धाकट्याला सांभाळतं. माझी बासष्ट, आणि मी एकटी. आता कोणी कोणाला सांगायचं?"

"मंग माजी पाच बी घिऊन जावा की. सदुसष्ट हुत्याल."

त्या दिवशी तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसलात. हौसा तुम्हाला आवडायची. हे मी मुद्दाम लिहिते.

मग एका शुक्रवारी तुम्ही गोळीचं काढलंत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की गोळीनं पोर वाळतं, मंद होतं, कधी झोपलेलं उठतच नाही. तुम्ही ते सगळं बायांना सांगितलंत. पण त्या दिवशी तुम्ही रागात होतात. शेवटी म्हणालात, "ज्या घरात पोराला गोळी देतात त्या घरची मुलगी माझ्या शाळेत बसणार नाही." एकेकीला विचारलंत, देणार का? एकेक म्हणाली, न्हाय. आणि पुढं म्हणालात, "सगुणाबाईंकडे बघा. नऊ पोरं नुसत्या हातानं झोपवतात. त्यांना जमतं, तर तुम्हाला आपलं एक का जमू नये?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर सारखा केला.

त्या दिवसापासून माझं तोंड कायमचं बंद झालं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नुसत्या रागावला असतात. आता सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांसमोर खोट्या पडला असतात. गोळी सोडावी तर पोरं रडणार आणि सगळं उघडं पडणार. म्हणून मी सोडली नाही, फक्त जास्त जपून द्यायला लागले.

छबीचं झालं तो दिवस उन्हाळ्यातला. सकाळची शाळा होती. कमळनं छबीला आणली तेव्हा ती किरकिरत होती. कमळ म्हणाली, "आज्जी, दात येत्यात तिला. रातभर आमाला झोपू दिलं न्हाय." मी छबीला झोळीत घातलं. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी माझं बोट तिच्या तोंडात होतं.

छबी झोपली. मधल्या सुट्टीत कमळ बाहेर आली, झोळीत वाकली आणि म्हणाली, "आज्जी, छबी माजं बोट धरंना." मी बघितलं. ओठ निळे पडले होते. श्वास यायचा आणि मग येतच नाही असं वाटायचं, मग परत यायचा.

तुम्ही तिला उचललंत आणि दवाखान्यापर्यंत पळालात. तुम्हाला पळताना मी तेवढं एकदाच बघितलं. डॉक्टरांनी छबीचे डोळे उघडून बघितले आणि म्हणाले, अफू आहे. कोणी दिली? तुम्ही म्हणालात, आईला बोलवा.

हौसा आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत चिखल होता. डॉक्टर, कंपाउंडर, मी, कमळ, बाहेर दोन-चार रोगी, सगळ्यांसमोर तुम्ही विचारलंत, "गोळी दिलीत ना?"

"न्हाय."

"खोटं बोलू नका, हौसाबाई."

"न्हाय दिली म्हनलं ना."

"मग पोर असं आपोआप झालं का?"

हौसा खाली बसली आणि छबीचे तळपाय चोळायला लागली. तुम्ही दोनदा अजून विचारलंत. ती चोळतच राहिली. मी भिंतीला टेकून उभी होते. छबीचं दुपटं माझ्या हातात होतं. त्याची घडी घातली, मोडली, परत घातली. तेवढंच मी केलं.

छबी वाचली. डॉक्टरांनी सुया दिल्या, तिला झोपू दिलं नाही, सारखं हलवत ठेवलं. दिवेलागणीला ती रडली. तुम्ही तोवर दवाखान्याच्या पायरीवर बसून होतात, ते ऐकून उठायला लागलात. मी हात दिला.

दुसऱ्या दिवशी कमळचं नाव तुम्ही काढलंत. तरी ती यायचीच. धुतलेला परकर, पाटी बगलेत, फाटकाबाहेर उभी राहायची आणि आत पाढे सुरू झाले की बाहेरून म्हणायची. तुम्ही मला म्हणालात, "फाटक लावून घ्या." मी लावलं. आठ दिवस ती येत होती. मग हौसा पोरं घेऊन वरकुट्याला गेली, तिथं तिच्या दिराची जमीन होती. कमळ तिसरीत होती. तुम्हीच म्हणाला होतात, ही सातवी होईल, पुढं शाळेत बाई होईल.

बाई, आपण दोघी पुष्कळ भांडलो. झाडूवरून, चहात साखर किती यावरून, रविवारच्या शाळेत कोणी बसायचं यावरून. हे भांडण तेवढं राहून गेलं, ते आता करते. गोळीचं तुमचं म्हणणं बरोबर होतं. मी चूक होते. पण मारलं की मूल लपवायला शिकतं, हे तुम्ही पोरांबद्दल शिकवत होतात. आम्ही बाया तशाच असतो, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. तुम्ही आम्हाला मारलं नाहीत, पण आमच्या मुलींचं शिक्षण काढून घेऊ म्हणालात. मग आम्ही लपवलं. आधी विचारा, ऐकून घ्या, असं तुम्हीच सांगायचात. हौसाला तुम्ही विचारलंत तेव्हा उत्तर तुमच्याकडे तयार होतं.

त्यानंतर मी गोळीला हात लावला नाही. पोरं रडायला लागली. तुम्ही म्हणालात, "सगुणाबाई, पोरं हल्ली फार रडतात हो." मी म्हटलं, "माजं वय झालं आता." तुम्ही ते खरं मानलंत आणि त्या दिवसापासून सगळ्यात रडकं पोर स्वतः खांद्यावर घेऊन वर्गात फिरत शिकवायला लागलात. एकदा एका पोरानं तुमच्या हातातला खडू खाल्ला. तुम्ही त्याच्या तोंडात बोट घालून तुकडा काढलात आणि सतराचा पाढा पुढं चालू ठेवलात, कुठंही न चुकता. मी दारातून बघत होते. तुम्ही चांगली बाई होतात. हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तशी आपली रीत नव्हती.

तुमची बारामतीला बदली झाली त्या दिवशी आपण ट्रंकेवर बसून एस.टी.ची वाट बघत होतो. तुम्ही एकदम म्हणालात, "कमळचं मी बरोबर केलं ना?"

मी म्हटलं, "नियम तुमचा हुता."

"मी नियमाचं विचारत नाही."

तेवढ्यात गाडी आली. मी ट्रंक उचलली. कंडक्टर घाई करत होता. तुम्ही खिडकीतून माझ्याकडे बघत राहिलात. तुम्ही विचारलेलं होतं आणि ऐकून घ्यायला तयार होतात. मी ट्रंक उचलली.

तुम्हाला मातीआड करून आल्यावर चौथ्या दिवशी मी वरकुट्याला गेले. दुसरं काही सुचत नव्हतं. हौसा घरासमोर मांडवाखाली वांगी निवडत बसली होती, किडकी बाजूला, चांगली पाटीत. सात वर्षांची एक मुलगी तिला मदत करत होती. ती छबी. तिला माझी काहीच ओळख नव्हती. हौसानं तिला पाणी आणायला पाठवलं.

मी बसले आणि म्हटलं, "हौसा, छबीला गोळी मी दिली हुती."

ती वांगी निवडत राहिली. मग म्हणाली, "कवा?"

"त्याच दिशी. शाळंत आल्या आल्या."

हौसानं हातातलं वांगं खाली ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्यासाठीच गेले होते.

ती म्हणाली, "मी बी दिली हुती. घरातनं निगताना."

मी पाटीतलं एक वांगं उचललं आणि परत ठेवलं.

"मला वाटलं माजाच हात जड पडला," हौसा म्हणाली. "इतकी वरसं त्येच वाटतंय. छबी झोपली की अजून नाकाला बोट लावून बगती."

"मला ठावं असतं तर मी दिली नसती."

"मला ठावं असतं तर मी तरी कशाला दिली असती? मंग सांगितलं का न्हाईस, आज्जी?"

"तू सांगितलंस का?"

"मी सांगितलं असतं तर कमळला शाळंतनं काढलं असतं," ती म्हणाली. आणि एक किडकं वांगं बाजूला टाकून म्हणाली, "आन् काढलंच."

कमळचं मी विचारलं. ती अंथुर्ण्याला दिली आहे. वाचता येतं का अजून? हौसा म्हणाली, "येतं तर. किराणाच्या पुडीचा कागुद बी सोडत न्हाय." तुमचं कळलं होतं तिला. म्हणाली, "वाईट झालं. बाई मला खोटारडी म्हनल्या, आन् मी खोटारडी हुतेच की. त्येचा राग न्हाय मला. कमळचा हाय."

निघताना तिनं मला पिशवीभर वांगी दिली. मी नको म्हटलं नाही.

परत येताना मी एकच विचार करत होते. गोळी एकीनंच दिली असती तर चाललं असतं, असं मी म्हणत नाही. पण एकीनं दुसरीला सांगितलं असतं तर दुसरीनं दिली नसती. तुमच्या भयानं आम्ही एकमेकींनाही सांगितलं नाही. यात तुमचं किती आणि माझं किती, ते मला वाटून काढता येत नाही. माझं जास्त आहे. कमळची शाळा तर आता परत करता येणार नाही, ती गेली.

मग शुक्रवार आला. झोळ्या अजून आहेत, आता अकरा आहेत. शालिनीबाईंनी बैठक घेतली आणि पाळकसाहेबांचं ते बोलणं परत सांगितलं, की मार्थाबाईंमुळे आपल्याकडची गोळी गेली. मी उठले. मला सभेत बोलायची सवय नाही. वर लिहिलं आहे तेवढं सगळं उभ्यानं सांगितलं, डिप्टी आले तिथपासून हौसाच्या मांडवापर्यंत. शालिनीबाईंचा चेहरा उतरला. बाया खाली बघत होत्या. मी म्हटलं, "आज ज्यांनी दिली असंल त्यांनी सांगा. मी रागवायची न्हाय. मला रागवायला तोंडच न्हाय."

मग मागच्या बाजूला पारू म्हणून एक नवी बाई आहे, कांद्याच्या मळ्यात जाते, ती म्हणाली, "आज्जी, मी दिलीया. आज सकाळी."

शालिनीबाईंनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "जरा थांबा, बाई." आणि पारूला विचारलं, "कवा दिली?"

"दिस उगवायला."

"किती?"

"रोजच्यावानीच."

"कवापासनं देतीस?"

"ह्यो झाला तवापासनं." ती रडायला लागली. "न्हाय दिली तर मुकादम कामावर घेत न्हाय. पोर रडतं म्हनतो."

शालिनीबाई उठल्या, पारूचं पोर तिच्या मांडीवरून उचललं आणि तिला म्हणाल्या, "चला, डॉक्टरांना विचारू, हे हळूहळू कसं सोडवायचं." दोघी गेल्या. त्या दारातून बाहेर पडायच्या आत आणखी तिघींनी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं. त्यातली एक आपल्या ख्रिस्ती मंडळीतली आहे. ती माती द्यायला बारामतीला आली होती आणि तिनं आमेन म्हटलं होतं.

पारूची थोरली मुलगी दुसरीत आहे. सोमवारी शालिनीबाईंनी हजेरी घेतली. मी व्हरांड्यात पारूचं पोर मांडीवर घेऊन बसले होते, ते बेंबीच्या देठापासून रडत होतं. त्या रडण्यातून मी कान देऊन ऐकलं. मुलीचं नाव पुकारलं, आणि ती हजर म्हणाली.